नववी सही

मे महिना लागला की आमच्याकडचे दोन सीझन एकदम संपतात. एक उसाचा, एक फुटबॉलचा. कारखान्याचा बॉयलर थंड झालेला असतो. भिगवण रस्त्यानं गाणी लावून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या बंद झालेल्या असतात. आणि तिकडं सातासमुद्रापार आमच्या क्लबची शेवटची मॅच होऊन मैदानावर नवं गवत लावायला घेतलेलं असतं. मग जळोचीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये शनिवारची संध्याकाळ येते आणि तिचं काय करायचं ते मला कळत नाही. साडेसात वाजतात. मी सवयीनं टीव्हीसमोर बसते, टीव्ही मात्र लावत नाही. कूलरचं पाणी संपलं की तो घरघरायला लागतो, तेवढ्यासाठी एकदा उठते.

'आमचा क्लब' म्हणते खरी. त्या क्लबला बारामती कुठं आहे हे ठाऊक नाही आणि मी त्यांचं गाव कधी बघितलेलं नाही. माझं वय छप्पन्न. एका संस्थेत मुलींना शिवणकाम शिकवते, कटिंगपासून काजबटणापर्यंत. मी फुटबॉल बघते म्हटलं की बायका आधी हसतात आणि मग जरा काळजीनं बघतात. एकटं राहून होतं हो असं, असा त्यांचा चेहरा. होतं तर होतं! मी कुणाच्या घरी जाऊन शिट्ट्या मारत नाही.

तर या मे महिन्यात बातमी आली, की आमच्या क्लबनं जर्सीची कंपनी बदलली. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लबच्या खेळाडूंचे कपडे एक मोठी कंपनी करते. छातीवर एका बाजूला क्लबचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला कंपनीची खूण. काही वर्षांचा करार असतो, तो संपला की दुसरी कंपनी येते. खेळ तोच, खेळाडू तेच, फक्त शिंपी बदलतो. आणि यावर जगभर माणसं भांडतात. मीही भांडले आहे. असं भांडले आहे, की चार वर्षं झाली तरी निस्तरतेय.

दुपारी दोनच्या उन्हात, पडदे ओढून, फोन डोळ्यांजवळ धरून मी ती बातमी तीन वेळा वाचली. मग आमचा ग्रुप उघडला. नऊ जणांचा ग्रुप होता, आता आठांचा. शेवटचा निरोप बापूरावांचा होता, कॅनॉलला पाणी कधी सुटणार याचा. त्याखाली कुणी काही लिहिलेलं नव्हतं. मी वाट बघितली. चहा केला, प्यायले, परत बघितलं. एवढी मोठी गोष्ट झाली आणि कुणाला एक अंगठासुद्धा टाकावासा वाटला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात याच ग्रुपवर फोन गरम व्हायचा.

प्रणव माझा मुलगा. तो दहावीत असताना त्याचे बाबा गेले. आजारबिजार काही नाही, सकाळी बँकेत गेले आणि दुपारी त्यांना आणलं. त्यानंतर वर्षभर पोरगा माझ्याशी बोलायचा नाही. विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही. पण शनिवारी संध्याकाळी टीव्हीशी बोलायचा. "अरे पास दे, पास दे ना गाढवा! तो मोकळा उभाय तिकडं!" एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून महिनोन्‌महिने ऐकलं नव्हतं. मग मी मेथी निवडायचं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागले. खेळ बघायला नाही हो, त्याचा आवाज ऐकायला.

पहिले दोन महिने मला एवढंच कळायचं, की लाल कपड्यातले आपले. मग एकदा मी विचारलं, "हा गोल का नाही धरला रे?" तर त्यानं माझ्या ताटातल्या मेथीच्या काड्या उचलल्या, पाटावर मांडल्या आणि मला ऑफसाइड समजावला. हा आपला, हा त्यांचा, हा शेवटचा, याच्या पुढं आधीच जाऊन उभं राहायचं नाही. मला पहिल्याच फटक्यात समजलं होतं. तरी मी म्हटलं, "नाही कळलं, परत सांग." त्यानं परत सांगितलं. त्या दिवशी भाजीला अर्धीच मेथी राहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

अकरावीत त्याला क्लबची जर्सी हवी होती. खरी जर्सी बारामतीत कुठून मिळणार? आणि मिळाली असती तरी आमची ऐपत तेव्हा तशी नव्हती. म्हटलं, मी कशाला आहे? बाजारातून लाल होजिअरीचं कापड आणलं. त्यानं फोनवर फोटो दाखवला, तो बोटाएवढा आणि अंधुक. छातीवर दोन चिन्हं दिसत होती. एक साधं आणि ऐटदार, बाभळीच्या जोडकाट्यासारखं. दुसरं गोल, त्यात बारीक बारीक काय काय कोरलेलं. कॅलेंडरवर देवाच्या तसबिरीखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं ना, तसं मला ते गोल वाटलं. म्हणून मी काटा चांगला वीतभर काढला, काळजाच्या बाजूला, पिवळ्या रेशमानं, भरीव टाक्यानं. आणि गोल आपलं लहानसं, एका कडेला, उरल्या दोऱ्यात.

प्रणवनं जर्सी उलगडली आणि बघतच राहिला.

"आई, तू कंपनीला क्लब केलंस आणि क्लबला कंपनी."

आणि हसायला लागला. पलंगावर पडून हसला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसला. मी उसवून देते म्हटलं, तर म्हणाला, "हात लावू नकोस." बारावी होईपर्यंत दर शनिवारी तीच अंगात. कंपनी म्हणजे काय, करार म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. पण ती काट्याची खूण माझ्या मनात जी बसली ती तशीच बसली. तिच्या मालकाशी माझं काही देणंघेणं नाही. त्या खुणेनं माझं पोरगं हसलं होतं, एवढंच.

ग्रुप त्यानंच काढला, कॉलेजात असताना. बारामती आणि इंदापूर मिळून आमच्या क्लबचे असे कितीसे लोक असणार? शोधून शोधून नऊ मिळाले, त्यात एक त्याची आई. शुभम म्हणून एक मुलगा, त्याचं स्टँडजवळ कपड्यांवर छपाई करायचं दुकान. गावोगावच्या कबड्डी संघांच्या बनियनांवर नाव आणि नंबर छापून देतो. चारपाच कॉलेजची पोरं, आज इथं तर उद्या पुण्याला. आणि इंदापूरकडचे बापूराव. साठीचे, ऊस आणि केळी. यांच्या टीव्हीच्या रिमोटचं बटण एका हिवाळ्यात खेळाच्या चॅनलवर अडकलं, दुरुस्त करायला कुणी गेलं नाही आणि सीझन संपेपर्यंत माणूस आमच्यात आला. बापूराव लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. मागं मोटारीचा आवाज आणि पुढं बापूराव. "मास्तरीणबाई, आपला गोलकिपर आज झोपला हुता का व्हय?"

प्रणव आधी पुण्याला गेला, मग जर्मनीला. आपलं पोर बाहेर गेलं की फोनवर काय बोलायचं हे कुणी शिकवत नाही. जेवलास का? जेवलो. काय जेवलास? भात. थंडी आहे का? आहे. तुझ्या गुडघ्याचं काय, आई? बरं आहे. आणि मग दोन्हीकडं शांतता. ती शांतता भरायला आम्हाला क्लब होता. "बघितलीस का?" एवढं त्यानं म्हटलं की पुढची वीस मिनिटं चिंता नसायची. बाकीच्या आया मुलांना विचारत असतील, लग्नाचं काय, पगाराचं काय. मी विचारायचे, डावा बॅक बदलायला हवा होता का नाही. त्याचं उत्तर तो मनापासून द्यायचा. माझ्यापाशी त्याच्याकडं जायला तेवढी एकच वाट होती, आणि ती मला पुरत होती.

चार वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यात बातमी फुटली, की आमचा क्लब काटेवाली कंपनी सोडून दुसरीकडं चाललाय. नव्या कंपनीची खूण एक गोल आणि त्याच्यातून गेलेली तिरकी रेघ. बापूरावांनी लगेच नावं पाडली, काटेवाले आणि गोलवाले. आणि जुंपली.

काय उन्हाळा होता तो! बाहेर डांबर चिकटत होतं आणि आत आम्ही तापलो होतो. शुभमनं नव्या जर्सीचा फोटो टाकला. मी तो मोठा करून करून बघितला आणि लिहिलं, की यांनी क्लबचं चिन्ह भरलेलं नाही, उष्णतेनं चिकटवलंय. बारा धुण्यांत कडेनं सुटेल. खांद्याची शिवण पुढं ओढलीय, हात वर केला की कापड पोटावरून उचललं जाणार. मी तीस वर्षं शिवण शिकवतेय, मला कपड्यातलं कळतं. एका पोरानं लिहिलं, 'काकू, ते खेळाडू आहेत, बारा वेळा धुवून कोण घालतंय?' दुसरा म्हणाला काटा शुभ आहे, तिसरा म्हणाला काट्यात आपण तीन फायनल हरलो. शुभमचं म्हणणं, गोल छापायला सोपा. बापूरावांचा मुद्दा वेगळाच होता.

"सभासदांना न इचारता ठेका दिलाच कसा? आमच्या कारखान्यात साधा चिमणीचा रंग बदलायचा तरी सभेत इषय घेत्यात. आन हितं सगळ्या अंगावरचा कपडा बदलला. आपुन काय मेलो व्हय?"

मी म्हटलं, "अहो बापूराव, आपण त्यांचे सभासद नाही."

"न्हाय कसं? धा वरीस बगतोय. आजून काय शेअर घ्यायचा ऱ्हायला?"

आणि प्रणव? प्रणव गोलवाल्यांकडून. त्यानं अगदी शांतपणे लिहिलं, की मला नवी जर्सी आवडलीय. हलकी आहे, बदल पाहिजेच होता. मी लिहिलं, तुला काय कळतंय? त्यानं हसरा चेहरा टाकला. मी परत लिहिलं, त्यानं परत तेच सांगितलं. मला वाटलं, पोरकटपणा करतोय. मला चिडवायला म्हणून विरुद्ध बाजू घेतलीय. हे त्याचं स्वतःचं मत असू शकतं, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

बापूरावांच्या डोक्यात निवेदन आलं. आमच्याकडं कुठलीही गोष्ट बिघडली की निवेदन देतात. पाणी नाही आलं, निवेदन. एसटी वेळेवर नाही, निवेदन. तर एका रविवारी सकाळी बापूराव इंदापूरहून एसटीनं आले, पिशवीत केळ्यांचा घड घेऊन. आम्ही शुभमच्या दुकानात बसलो. कॉलेजची पोरंही आली. छपाईच्या शाईचा वास, वर पंखा, दोरीवर कुठल्यातरी गावच्या संघाचे सात पिवळे बनियन वाळत घातलेले. अक्षर बरं म्हणून लिहायला मला बसवलं. बापूराव उभे राहून सांगत होते.

"लिव्हा. प्रति, माननीय अध्यक्षसाहेब व सर्व संचालक मंडळ यांसी. इषय, जर्सीचा ठेका नवीन कंपनीस देण्याच्या निर्णयाचा फेरविचार होणेबाबत. महोदय, आमी खाली सह्या करणारे बारामती व इंदापूर तालुक्यातील समर्थक..."

मी ते नीट मराठीत बसवत गेले. शेवटी त्यांनी घातलंच, 'अन्यथा आम्हांस नाइलाजाने लोकशाही मार्गाने आंदोलन छेडावे लागेल.'

शुभमनं विचारलं, "कुठं छेडायचं, बापूराव?"

"तहसीलसमोर. दुसरी जागा हाय का आपल्याकडं?"

हसून हसून पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बापूराव मात्र हसले नाहीत. शुभमनं फोनमधून त्याचं इंग्रजी करून मागं जोडलं, पण बापूरावांनी बजावलं, मराठी वर पाहिजे. सह्या आपण मराठीत करणार, वाचायचं त्यांनी. खरं सांगते, मला त्या सकाळी फार बरं वाटलं. प्रणवचे बाबा गेल्यानंतर एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्यानं, काहीतरी बिनकामाचं करत मी कधी बसले नव्हते.

खाली नऊ नावं लिहिली. आठ सह्या झाल्या. नववी जागा रिकामी.

"पोराची ऱ्हायली," बापूराव म्हणाले. "नऊ नावं आन आठ सह्या बरं दिसत न्हाय. संचालक म्हणत्याल, ह्यांच्यातच फूट हाय."

प्रणवनं ग्रुपवर सरळ लिहिलं होतं, मी सही करणार नाही. मी ते वाचलं होतं. त्याचं नाव त्या यादीत लिहिलं तेही मीच, घरातलं नाव कसं वगळायचं म्हणून. तरी मी पेन घेतलं.

त्याची सही मीच बसवून दिली होती. स्कॉलरशिपसाठी बँकेत खातं उघडायचं होतं तेव्हा आम्ही दोघं त्याच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर अर्धा तास सह्या करत बसलो होतो. 'प्र'ची शेपटी लांब ओढ, शेवटी खाली दोन टिंबं दे, कुणाला नक्कल करता यायची नाही, असं मीच त्याला सांगितलं होतं. मला ती डोळे मिटून येते. तशी मी ती केली, शेपटीसकट, टिंबांसकट. मनात काही खळबळ झाली नाही. डब्यात पोळी घालावी तितक्या सहज केली. आयांच्या हाताला ही खोड असते. पोराच्या वतीनं कशालाही हो म्हणून टाकायचं.

शुभमनं निवेदनाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. बापूराव पाकीट रजिस्टर करायला पोस्टाचा पत्ता विचारत होते, रविवार आहे हेही विसरले होते. आम्ही केळी खात होतो. तेवढ्यात फोन वाजला.

प्रणवनं लिहिलं होतं, 'शेवटची सही माझी नाही.'

बापूरावांनी लगेच बोलून पाठवलं, "आरं पोरा, सहीत काय जातंय तुजं?"

मग त्यानं लिहिलं, 'आई, मी नाही म्हटलं होतं.'

एवढंच. वर न रागाचा चेहरा, न काही. मला सगळ्यांदेखत उघडं पडल्यासारखं झालं. पोरं खाली बघायला लागली. शुभम उगाच बनियन नीट करायला उठला. तेव्हा मी नुसतं 'चुकलं' म्हणायला हवं होतं. तीन अक्षरं होती. पण माझी जीभ आधीपासूनच तिखट, आणि फोनवर तर बोटांना लगामच नाही. मी लिहिलं, 'तुला काय, नवं दिसलं की जुनं टाकायचं. कपडा असो, घर असो, माणूस असो.'

पाठवल्यावर मी ते वाचलं. त्यात जर्सी कुठंच नव्हती.

निळ्या खुणा झाल्या, सगळ्यांनी वाचलं. दहा मिनिटांनी ग्रुपवर बारीक राखाडी अक्षरात ओळ आली, की प्रणव बाहेर पडला. बापूराव म्हणाले, "नेट गेलं आसंल त्याचं." ते म्हातारे असले तरी त्यांना कळत नव्हतं असं नाही. माझ्यासाठी म्हणाले.

त्या दुपारी मी दुकानातून जळोचीपर्यंत चालत आले. डोक्यावर ओढणी, चपला तापलेल्या, रस्त्यात माणूस नाही. घरी येऊन मशीन उघडलं आणि एका विद्यार्थिनीचा ब्लाऊज उगाच उसवून परत शिवला. फोन करावा, असं वाटत होतं. आपण आई आहोत, त्यानंच करावा, असंही वाटत होतं. दोन्ही वाटत राहिलं आणि संध्याकाळ झाली.

त्यानं फोन केला, पुढच्या रविवारी, नेहमीच्या वेळेला. वाईट मुलगा नाही तो. जेवलीस का? जेवले. गुडघा? बरा आहे. तिकडं ऊन आहे का? आहे. सही नाही, ग्रुप नाही, क्लब नाही. पुढच्या रविवारीही तसंच. ऑगस्टात नवा सीझन लागला, खेळाडू गोलाची जर्सी घालून उतरले. मला वाटलं, आता म्हणेल, बघितलीस का? नाही म्हणाला. आणि मीही नाही. दोन वेळा सुट्टीत येऊन गेला, तेव्हा सीझन नव्हता, टीव्ही बंदच होता. मी पुरणपोळी केली, श्रीखंड केलं, त्यानं मला नवा मिक्सर घेऊन दिला. निघताना नमस्कार केला. सगळं कसं रीतसर.

भांडण झालं असतं तर बरं होतं, असं मला कितीदा वाटतं. भांडणात निदान आवाज असतो. आमचं तसं काही झालं नाही, फक्त बोलण्यातला एक विषय गेला. आणि तो गेला तेव्हा कळलं, की दुसरा नव्हताच.

आपली माणसं लांबच्या गोष्टींवर एवढी का तुटून पडतात, याचा मी या चार वर्षांत पुष्कळ विचार केलाय. वेळच वेळ आहे. मला वाटतं, जवळच्या गोष्टींवर बोलायची हिंमत नसते. मी माझ्या मुलाला कधी म्हणू शकले नाही, की तू गेल्यापासून मला घर खायला उठतं. ते मी खांद्याच्या शिवणीवर काढलं. आणि त्यानं मला कधी सांगितलं नाही, की आई, माझं मी ठरवतो आता. त्यालाही ते जर्सीच्या निमित्तानंच सांगायला मिळालं. बिचारी कंपनी! तिला काय माहीत, बारामतीत तिच्या नावावर काय काय चाललंय.

मॅच मात्र मी बघत राहिले, एकही न चुकवता. तो कधीतरी विचारेल आणि आपल्याला सांगता आलं पाहिजे, म्हणून. कोण जखमी आहे, कोण विकला गेला, कोण नवा आलाय, परीक्षेला बसल्यासारखी मी तयारी ठेवली. पण खरं सांगू? गोल झाला की माझी मान आपोआप डावीकडं वळते. तिथं आता इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात.

तर या मे महिन्यातली बातमी अशी, की आमचा क्लब परत काटेवाल्या कंपनीकडं चाललाय. गोलवाल्यांचा करार संपला. संध्याकाळी बापूरावांचा फोन आला. ग्रुपवर नाही, मलाच. धाप लागली होती त्यांना.

"मास्तरीणबाई! निवेदन पोचलं बगा!"

"अहो, ते पाठवून चार वर्षं झाली."

"मग? सरकारी काम हाय, तिकडं बी उशीर लागतोच की. पन दखल घ्यावी लागली त्येंना. पोराला सांगितलं का?"

मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला. मी जिंकले होते. चार वर्षांपूर्वी जे म्हणत होते ते खरं निघालं होतं. आणि मला कुणाला चिडवायचं नव्हतं, कुणाला 'बघ, म्हणत नव्हते?' असं म्हणायचं नव्हतं. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती. ती मी त्या सगळ्या उन्हाळ्यात एकदाही विचारली नव्हती.

परवाच्या रविवारी त्याचा फोन आला. जेवलीस का? जेवले. तू? जेवलो. दोडक्याची भाजी केली होती मी, त्यानं काहीतरी पावाबरोबर खाल्लं होतं. तिकडं पाऊस, इकडं उकाडा. मग नेहमीची शांतता आली. आता तो म्हणणार होता, चल, ठेवतो.

मी म्हटलं, "प्रणव, आपला क्लब परत जुन्या कंपनीकडं गेला. तुला कसं वाटतं? बरं झालं का?"

पलीकडं नळ चालू होता, तो त्यानं बंद केला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी बघत नाही गं आता."

"कधीपासून?"

"इथं आल्यावर पहिलं वर्ष बघितलं. नंतर सोडलं. एकट्यानं काय बघायचं?" मग जरा थांबून म्हणाला, "तू बघतेस अजून?"

"दर शनिवारी."

"कुणाबरोबर?"

गेल्या चार वर्षांत त्यानं मला कितीतरी प्रश्न विचारले. जेवण, गुडघा, गॅस, लाईटबिल. त्या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडं तयार असतात आणि सगळी 'बरं आहे' अशीच असतात. या प्रश्नाचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं.

"एकटीच," मी म्हटलं. हा शब्द मी त्याच्यापुढं कधी काढला नव्हता. पोराला ओझं नको म्हणून. "आणि ती सही मी करायला नको होती रे. तू नाही म्हणाला होतास, ते मी वाचलं होतं. वाचून केली."

जिन्यात कुणीतरी सायकल चढवत होतं, तिचा खडखड आवाज तेवढा येत राहिला.

"सही चांगली केली होतीस पण," तो शेवटी म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगली येते तुला." आणि थोडा हसला. मोठ्यानं नाही. मग विचारलं, "पहिली मॅच कधी आहे?"

"ऑगस्टात. अजून तारखा लागायच्यात."

"लागल्या की सांग मला. जमलं तर फोन चालू ठेवून बघू दोघं."

माझ्या तोंडात आलंच होतं, की जमेल रे, न जमायला काय झालं, शनिवारी सुट्टीच असते तुला, साडेसातला इकडं म्हणजे तिकडं दुपारी चार, मी आदल्या दिवशी आठवण करते. सगळं ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

"बरं," मी म्हटलं. "जमलं तर."